गुन्यात हाये

डॉक्टरांनी फाईल चाळली, शेवटचं पान उलटलं आणि म्हणाले, "सगळं नॉर्मल आहे." शुगर नॉर्मल, बीपी नॉर्मल, इसीजी नॉर्मल. बाबा खुर्चीवरून उठले, टेबलाची कड धरून क्षणभर डोळे मिटून थांबले आणि म्हणाले, "सारं नार्मल हाये तं मंग मले गरगरते काऊन?"

डॉक्टर हसले. वय झालं म्हणाले. पाणी पीत जा, उन्हात फिरू नका. बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, त्यामुळे वय झालं हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती.

दारव्ह्याच्या स्टँडवर आलो. मे महिना, गाडीला वेळ. पाण्याची बाटली मागितली तर टपरीवरच्या पोरानं विचारलं, "ठंडी का नॉर्मल?" बाबा म्हणाले, "नार्मलच दे बाप्पा. आज सारं नार्मलच सुरू हाये." नॉर्मल बाटली उन्हातल्या खोक्यातून निघाली. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात मे महिन्यातलं नॉर्मल पाणी म्हणजे चहाचं आधण ठेवून दोन-तीन मिनिटं झालेली असतात, तसं असतं. बाबांनी एक घोट घेतला, उरलेलं रुमालावर ओतलं आणि रुमाल डोक्याला बांधला.

मी तालुक्याच्या ज्युनिअर कॉलेजात सतरा वर्षं इंग्रजी शिकवते. या धंद्यात एक खोड लागते: कानावर पडलेला शब्द चपलेत खडा गेल्यासारखा टोचत राहतो. गाडीत बसल्यावर मी मोजायला लागले की हा एक शब्द आमच्या गावात किती कामं करतो.

पोरगं झाडावरून पडलं तर "काही नाही, नॉर्मल लागलं", म्हणजे थोडंसं. "नॉर्मल ताप आहे" म्हणजे अंग कोमट आहे, पण मजुरीला जाता येतं. इंग्रजीत ताप नॉर्मल असूच शकत नाही, नॉर्मल असेल तर तो ताप नाही. पण आमच्याकडे असतो. साडीच्या दुकानात नॉर्मल म्हणजे स्वस्तातली, रोज नेसायची. नॉर्मल मोबाईल म्हणजे बटनांचा. संध्याकाळी एखाद्याच्या घरी जाण्याआधी त्याच्या बायकोला फोन करून "आज नॉर्मल आहेत का?" असं विचारलं, तर विचारणाऱ्याला आणि सांगणारीला दोघांनाही कळतं की प्रश्न बाटलीचा आहे, पाण्याच्या नव्हे.

आणि सगळ्यात मोठं काम बाळंतपणाचं. मुलगा की मुलगी हे नंतर; आधी "नॉर्मल का सिझर?" माझ्या वेळी सिझर झालं. बाळाची नाळ मानेभोवती होती, ठोके कमी होत होते, दुसरा इलाज नव्हता. तिसऱ्या दिवशी गावाकडच्या बाया भेटायला आल्या. एक म्हातारी माझ्या उशाशी बसली, कपाळावरून हात फिरवला आणि अगदी मायेनं म्हणाली, "नार्मल नाई झालं ना वं माय? जाऊ दे." पोरगी बाजूला ढेकर देऊन झोपलेली, तीन किलो भरलेली, आणि मला मात्र पेपरात नापास झाल्यासारखं वाटलं. सात टाके दुखत होते त्याहून ते "जाऊ दे" जास्त दिवस दुखलं.

विद्यार्थ्यांचं वेगळंच. दोनेक वर्षांपूर्वी अकरावीच्या एका पोरानं स्वतःविषयीच्या निबंधात पहिलंच वाक्य लिहिलं: "आय ॲम अ नॉर्मल बॉय." मी लाल पेनानं नॉर्मल खोडून वर ऑर्डिनरी लिहिलं. वही परत मिळाल्यावर तो टेबलापाशी आला. "मॅडम, मी नॉर्मल नाही का?" वर्ग हसला. त्याला सांगितलं की बाबा रे, इंग्रजीत कुणी न विचारता "मी नॉर्मल आहे" म्हटलं, की ऐकणाऱ्याला आधी शंका येते. हा शब्द बोलताना पाठीमागे एक नकार लपलेला असतो. साधा, चारचौघांसारखा म्हणायचं असेल तर ऑर्डिनरी. नेहमीचं म्हणायचं असेल तर युज्वल. बऱ्याच ठिकाणी सापडणारं ते कॉमन. नॉर्मलला मात्र कुठेतरी एक माप लागतं, ज्याच्याशी ताडून बघायचं. पोरगा म्हणाला, "म्हणजे मीटर लावल्यासारखं." मी म्हटलं, हो, तसंच. तेव्हा मला ठाऊक नव्हतं की तो उत्तराच्या किती जवळ गेला होता.

त्या मे महिन्याच्या दिवसाकडे परत येते. घरी पोचलो तर भावाची मुलगी ओट्यावर विज्ञानाचं पुस्तक घेऊन बसलेली. ती सेमी इंग्रजीत आहे. आरशावर तिरपा पडणारा किरण, तिरपाच परत जाणारा किरण, आणि मधोमध आरशावर सरळ उभी तुटक रेघ. "आत्या, या रेघेला नॉर्मल काऊन म्हनते? तिच्यात नॉर्मल काय आहे? ती तर नुसती उभी आहे."

मराठी माध्यमात असती तर हा प्रश्न पडलाच नसता. मराठी पुस्तकात त्या रेघेचं नाव स्तंभिका. खांबासारखी उभी ती स्तंभिका. परिभाषा करणारा माणूस कधीकधी असा नेमका शब्द काढतो की त्याला चहा पाजावासा वाटतो.

पण प्रश्न खरा होता. मोठा शब्दकोश काढला. लॅटिनमध्ये नोर्मा नावाचं एक हत्यार होतं, सुताराचं आणि गवंड्याचं: दोन पट्ट्या काटकोनात जोडलेल्या. त्यावरून नोर्मालिस, म्हणजे त्या हत्याराबरहुकूम केलेलं, काटकोनातलं. सतराव्या शतकात इंग्रजीनं शब्द उचलला तो याच अर्थानं: लंब, काटकोनात उभा. "नेहमीसारखा", "ठीकठाक" हे अर्थ रुळले थेट एकोणिसाव्या शतकात. म्हणजे पुतणीच्या पुस्तकातली उभी रेघ हा मूळ मालक, आणि डॉक्टरांचा, टपरीवाल्याचा नॉर्मल हे मागून आलेले भाडेकरू.

बाबा खाटेवर पडून ऐकत होते. त्यांनी विचारलं, "हत्यार कोनतं म्हनलं?"

मी बोटांनी आकार करून दाखवला.

"अवं, तो गुन्या!" ते उठून बसले. मग हसायला लागले ते खोकला येईपर्यंत हसले. "म्हंजे डॉक्टरनं मले सांगतलं का मी गुन्यात हाये?"

माझे वडील सुतार. बंड्या (बैलगाड्या) केल्या, वखरं केली, तिफणी केल्या, आणि लोखंडी अवजारं आल्यावर चौकटी आणि दारं केली. आमच्या पंचक्रोशीतल्या निम्म्या घरांची दारं त्यांच्या हातची. गुण्या (आमच्याकडे ण नाही, न आहे, म्हणून गुन्या) हा शब्द मी इंग्रजी मुळाक्षरांच्या आधी शिकले. काम काटकोनात बसलं तर ते "गुन्यात हाये". नाही बसलं तर "गुन्याबाहेर गेलं". चौकट गुन्याबाहेर गेली की दार एका कोपऱ्यात घासतं आणि दुसऱ्या कोपऱ्यातून पाल येते. गुण्यागोविंदानं राहणं याचा या हत्याराशी काही संबंध नाही बहुतेक, पण लहानपणी माझी खात्री होती की गोविंदा नावाचा कुणी दुसरा सुतार असणार.

गुन्याबाहेर यालाही लॅटिनचा शब्द आहे, आणि तोही इंग्रजीत आलाय: एनॉर्मस. नोर्माच्या बाहेर गेलेलं, म्हणून अवाढव्य. एनॉर्मिटी म्हणजे तर घोर दुष्कृत्य. माणूस गुन्याबाहेर गेल्याचा तो प्रकार. अबनॉर्मल मात्र कोऱ्या लाकडाचा नाही. मूळचा ग्रीक शब्द होता, असमान, ओबडधोबड अशा अर्थाचा. तो वाटेत नोर्माशी गुंतला आणि मग कुणीतरी त्याला लॅटिन उपसर्गाची पाचर मारून सरळ केला. जोडकामाचा शब्द.

बाबांना हे सांगत असताना त्यांनी मध्येच म्हटलं, "माह्या बापाचे मास्तर नार्मल होते." हे मला नवीन होतं. मग कळलं. मध्य प्रांत-वऱ्हाडाच्या काळी प्राथमिक शाळेचे मास्तर नॉर्मल स्कूलात शिकून यायचे. मास्तर घडवणारी शाळा. शिकवायचं कसं याचा नमुना, म्हणजेच नोर्मा, जिथे घालून देतात ती. पॅरिसला १७९४ मध्ये, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, एकोल नॉर्माल निघालं, आणि पुढे हे नाव जगभर गेलं. सावित्रीबाई फुल्यांच्या चरित्रांतही पुण्याच्या नॉर्मल स्कूलचा उल्लेख येतो. अमेरिकेत इलिनॉय राज्यात तर अशा शाळेवरून एका गावाचंच नाव १८६५ मध्ये नॉर्मल ठेवलं, आजही तेच आहे. तिथल्या माणसाला कुठले विचारलं तर तो काय सांगत असेल, या कल्पनेनं पुतणी दोन दिवस हसत होती.

इथपर्यंत सगळं सरळ आहे. गुन्या म्हणजे असायला हवं तसं. गोंधळ पुढे झाला, तोही मोजदाद करणाऱ्या लोकांमुळे.

बेल्जियमचा केतले हा मुळात खगोलशास्त्रज्ञ. त्यानं स्कॉटलंडच्या पाच हजारांवर शिपायांच्या छातीची आधीच छापून आलेली मापं मांडून पाहिली. बहुतेक मापं मधे गर्दी करून, दोन्ही टोकांना विरळ होत जाणारी. या आकाराच्या आलेखाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सननं नॉर्मल हे नाव रूढ केलं. आपल्याकडे तो प्रसामान्य वक्र. पुढे १९२० मध्ये त्यानंच कबूल केलं की हे नाव नडतं, कारण मग बाकीचे सगळे आलेख लोकांना अबनॉर्मल वाटायला लागतात. उशीर झाला होता. एकोणिसाव्या शतकात डॉक्टर मंडळीही मोजत होती. कार्ल वुंडरलिश या जर्मन डॉक्टरनं सुमारे २५ हजार रुग्णांच्या काखेत थर्मामीटर लावून १८६८ मध्ये ३७ अंश सेल्सिअस हा आकडा दिला. आपल्या जुन्या पाऱ्याच्या थर्मामीटरवर ९८.६ पाशी लाल बाण असायचा, तो हाच.

म्हणजे एकाच शब्दात दोन माणसं राहायला आली. एक सुतार: असं असायला पाहिजे. दुसरा मोजणीदार: बहुतेक असं असतं. दोघांचं दार एकच, त्यामुळे आत कोण बोलतोय ते बाहेरून कळत नाही.

हे आमच्याकडे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पाऊस सांगतो.

माझ्या भावाची चार एकर कोरडवाहू. पऱ्हाटी (कपाशी), मधे तुरीचं तास, थोडं सोयाबीन. देशाचा जून ते सप्टेंबरचा पाऊस म्हणजे ८७ सेंटीमीटर. १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांची ती सरासरी. त्याच्या ९६ ते १०४ टक्के पडला की नॉर्मल. जिल्ह्यासाठी फट आणखी मोठी: सरासरीपेक्षा १९ टक्के कमी ते १९ टक्के जास्त, सगळं नॉर्मल, नकाशावर हिरवं. यात हवामान खात्याची काही चूक नाही, ते बेरीज सांगतात आणि बेरीज बरोबरच असते. पण एका वर्षी काय झालं ते ऐका. मृग कोरडा गेला. उशिरा शिडकावा झाला, त्यावर लोकांनी पेरलं, ते वाळलं. दुबार पेरणी. मग चांगला आला, पऱ्हाटी गुडघ्याला लागली, डवरण्या झाल्या, आणि ऐन पात्या (कपाशीच्या कळ्या) लागायच्या वेळी तीन आठवडे आभाळ कोरडं ठक्क. पात्या गळाल्या. त्यानंतर चार दिवस असा कोसळला की बांध फुटला आणि सोयाबीन पाण्यात उभं राहून पिवळं पडलं. सप्टेंबरअखेर भावानं फोनवर नकाशा उघडला. जिल्हा हिरवागार. तो माझ्याकडे बघून एवढंच म्हणाला, "पाय, आपन हिरवे हावोत." आणि फोन खिशात घालून बैलाला पाणी दाखवायला गेला.

सुताराचा नॉर्मल म्हणून विचारलं असतं तर उत्तर निराळं आलं असतं. आपल्याकडे त्यासाठी जुना शब्द आहेही: सोळा आणे. सोळा आणे पीक म्हणजे जसं यायला हवं तसं आलेलं. त्याच्याशी ताडून या गावात बारा आणे, त्या गावात सहा आणे, ती आणेवारी. १९५७ मध्ये दशमान नाणी आली, आणे गेले, पुढे कागदावर पैसेवारी झाली. शेतकरी मात्र अजून आणेवारीच म्हणतो. पन्नास पैशांच्या आत आली की दुष्काळाच्या सवलतींचा दरवाजा किलकिला होतो. त्यामुळे नजरअंदाज पैसेवारी, सुधारित पैसेवारी, अंतिम पैसेवारी या तीन याद्या गावात निकालासारख्या वाचल्या जातात. पण शंभर पैशांचं पीक म्हणजे नेमकं केवढं, ते आधी कुणीतरी ठरवलेलं असतं. तिथे पुन्हा सरासरी येऊन बसते.

नॉर्मलला सरळ सामान्य म्हणा की, असं कॉलेजातले एक सर म्हणतात. म्हणतो आपण. पण सामान्य हा शब्द आधीच ओव्हरटाईम करतोय. सामान्य माणूस म्हणजे कॉमन. सामान्य ज्ञान म्हणजे जनरल. जिल्हा सामान्य रुग्णालयही जनरल. सामान्य तापमान म्हणजे नॉर्मल. "त्याची अक्कल सामान्य आहे" म्हणजे शिवी. या एकाच बंडीत आणखी किती पोती टाकायची? त्यापेक्षा मला आमचा गुन्या बरा वाटतो. पण "आजीचं बीपी गुन्यात आहे" असं एखाद्या रिपोर्टवर छापून येईल तो दिवस मी काही बघणार नाही.

त्या रात्री बाबांनी माळ्यावरून हत्याराची पेटी काढायला लावली. वाकस, पटाश्या, रंधा, आणि तळाशी गुन्या. शिसवी दांडा, लोखंडी पाती, पातीवर गंज. पुतणीला म्हणाले, "हा खरा का खोटा, सांग." तिनं कंपासपेटीतला काटकोन शेजारी धरला. बाबांनी तो बाजूला सारला. तो कुठे खरा आहे हे तरी कोणी पाहिलंय? मग त्यांनी एक फळी घेतली, तिची कड डोळा बारीक करून पाहिली, दांडा कडेला टेकवला आणि पातीच्या बाजूनं पेन्सिलीची बारीक रेघ ओढली. मग गुन्या पालटला, डावीकडचा उजवीकडे, दांडा त्याच कडेला, पाती त्याच रेघेच्या मुळाशी. दुसरी रेघ ओढली.

गुन्या खरा असेल तर दुसरी रेघ पहिलीवरच पडते. इथे दोन रेघा मुळाशी एक आणि वर फाकलेल्या. फार नाही, केसभर. "जेवढी फट दिसते त्याच्या अर्धा तो खोटा," बाबा म्हणाले. पालटल्यावर चूक दुप्पट दिसते, म्हणून तर पालटायचं. न पालटता शंभर रेघा ओढल्या तरी शंभरच्या शंभर एकीला एक जुळणार, आणि सगळ्या खोट्या. हा गुन्या एकदा बंडीतून दगडावर पडला होता म्हणे. कोणत्या वर्षी ते त्यांना आठवेना. त्यानंतर किती चौकटी झाल्या तेही आठवेना. पुतणीनं उठून आमच्या मधल्या दाराला कान लावला आणि ते उघडून-लावून बघितलं. "श्रावनात घासते," बाबा म्हणाले, "तो पान्याचा दोष."

आठवड्यानं बाबा पुन्हा गरगरले, पहाटे खाटेवरून उठताना. दारव्ह्याला न नेता मी त्यांना गावच्या आरोग्य उपकेंद्रात नेलं. तिथली मॅडम नवी, पंचविशीतली. तिनं बीपी घेतलं: १३४. अगदी नॉर्मल. मी म्हणणारच होते की हे आम्हाला माहीत आहे. ती म्हणाली, "आजोबा, आता उभे राहा. भिंतीला टेकू नका." दोनेक मिनिटांनी पट्टा तसाच ठेवून पुन्हा फुगवला. वरचा आकडा १०८. तिनं पुन्हा बसवलं, पुन्हा उभं केलं, पुन्हा तेच. उभं राहिल्यावर वरचा आकडा वीस किंवा त्याहून जास्त उतरला तर गरगरतं, म्हणाली. रात्रीची बीपीची गोळी डॉक्टरांना दाखवून घ्या, उठताना आधी पाय खाली सोडून बसत जा. तोवर सगळ्यांनी बाबांचं बीपी खुर्चीत बसवूनच मोजलं होतं. मीसुद्धा प्रत्येक वेळी शेजारच्या खुर्चीत होते आणि मला एकदाही सुचलं नव्हतं.

पुढे गोळी बदलली. त्या दिवशी निघताना ओट्याच्या पायरीवर बाबा थांबले, भिंत न धरता. वळून उपकेंद्राकडे पाहिलं.

"पालटून पायलं तिनं," ते म्हणाले, आणि चप्पल शोधायला लागले.